पंच्याखालची चार बोटं

ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सांगून वर्ष झालेल्यांना बहुतेक सगळं कळून चुकलेलं असतं. पहिल्या आठवड्यात माणूस एकच विचारतो, बोटं झडतील का. माझी दहाच्या दहा आहेत. उजव्या हाताची दोन वाकडी झाली, त्यातली करंगळी मेलेली आहे, पण आहेत. गोळ्या चुकवू नका, रात्री झोपताना तळपाय तपासा, चुलीपासून हात जपा. औषधाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे. बाकी जे लिहितो ते औषधाचं नाही.

मी डाव्या हाताने लिहितो. हा हात लिहायला कशावर शिकला, ते पुढे येईल.

भाव

माझा बाप दुसऱ्यांच्या माडांवर चढायचा. मी चौथी शिकलो, सोळाव्या वर्षी सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरलो, आणि तिशीत फोंडाघाटच्या बाजारात माझी स्वतःची जागा होती. यात कुणाचे उपकार नाहीत. भाव करण्यात मला हरवणारा भेटला नव्हता, आणि हरवायला बघणाऱ्याला चार लोकांत बोलायला मी कमी करत नसे. बस्त्याव तापट आहे, असं लोक म्हणत. मी म्हणायचो, तापट आहे म्हणून कुणी फसवत नाही.

इनास माझा कुंपार. माझ्या लुसीच्या बाप्तिस्म्याला तो तिचा धर्मबाप म्हणून उभा राहिला होता. मुलाचा बाप आणि धर्मबाप आमच्यात एकमेकांना कुंपार म्हणतात. त्याची एक होडी होती. तो मालवणच्या किनाऱ्यावर बांगडे सुकवायचा आणि मी ते फोंडाघाटला नेऊन घाटावरच्या व्यापाऱ्यांना विकायचो. आमचा आपसातला भाव घाटावरच्यांना कळता कामा नये, म्हणून तो पंच्याखाली ठरे. दोघांचे हात एका पंच्याखाली जातात. समोरचा तुमची जितकी बोटं दाबेल, डागामागे, म्हणजे मासळीच्या गाठोड्यामागे, तितके दहा रुपये. तोंडाने उन्हापावसाच्या गोष्टी चालू ठेवायच्या. मान हलली की सौदा झाला. कागद नाही, साक्षीदार नाही.

एका मे महिन्यात इनासने माझी बोटं दाबली. मला तीन लागली. मी मान हलवली आणि कोल्हापूरकडचे आप्पाशेट होते, त्यांना तो माल छत्तीसने देऊन टाकला. दुपारी इनास माझ्याकडे चाळीस मागू लागला.

"चार दाबलंय, कुंपार."

"तीन."

"चार. करंगळेसकट. तुझो हात निजलेलो काय?"

मी त्याला भर बाजारात चोर म्हटलं. त्याने गळ्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, बाहेर काढला, मुठीत धरला आणि आण घेतली. मी म्हटलं, "तो खुरीस तरी तुझो आसा मा? काय तोय खंयसून उचललंस?"

माणसं हसली. पण आप्पाशेट हसले नाहीत. म्हणाले, "त्यानं गळ्यातल्या देवाची आण घेतलीया. देऊन टाक, बस्त्याव." सगळा बाजार आप्पाशेटना मानायचा. मी चाळीसप्रमाणे दिले. त्यानंतर महिनाभर मी दिसलो की कुणी ना कुणी बोटं वर करून विचारायचा, "किती रे बस्त्याव? तीन की चार?"

कार्ड

वर्षभर मी ते धरून बसलो. इनासच्या घरी जाणं सोडलं. रोझाला, म्हणजे माझ्या बायकोलाही जाऊ दिलं नाही. दर रविवारी मिस्साला तो आमच्या पुढच्या बाकावर बसे, आणि त्याची मान बघितली की मला प्रार्थना आठवत नसे. खुरसावर खोटी आण घेणारा माणूस जिभेवर क्रिस्तप्रसाद घेतो, हे मला सोसत नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे दारूबंदी होती आणि गोवा पोर्तुगिजांकडे होता. शिरोड्याच्या पलीकडून होडीने फेणी यायची. इनास आणायचा, आणि आणता आणता प्यायचाही. हे गावाला ठाऊक होतं. त्याच्याकडची मीही प्यालो होतो.

मी दारूबंदीच्या साहेबांना एक पोस्टकार्ड टाकलं. दिवस लिहिला, जागा लिहिली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. चार ओळींना दुपार गेली. शेवटी लिहिलं, दारू हे पाप आहे.

इनासला चार महिन्यांची शिक्षा झाली. त्याची होडी पावसात वाळूवर उघडी पडली आणि फळ्या फुटल्या. सुटून आल्यावर तो आणायचा बंद झाला आणि जास्त पिऊ लागला. मला बरं वाटेल असा माझा अंदाज होता. काहीच वाटलं नाही. मी ते समाधान समजलो.

पीस

एके दिवशी ओटीवर विडी ओढत बसलो होतो. रोझा आतून ओरडली, "काय करपता हो?" मी म्हटलं, "तुझी भाकरी." ती बाहेर आली आणि तिने माझा हात धरून झटकला. विडी माझ्या करंगळीच्या पेरात जळत होती. कातडी काळी झाली होती. मला काही लागलं नव्हतं.

त्यानंतर आठ महिने मी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. कोपरावर रुपयाएवढा फिका डाग होता, तो झाकायचा होता. तुम्हीही कदाचित हेच करत असाल. करू नका. त्या आठ महिन्यांत माझी दोन बोटं वाकली.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्याने मला डोळे मिटायला लावले आणि कोंबडीचं पीस घेतलं. "लागेल तिथं बोट ठेवा." मी ठेवत गेलो. मधूनच तो गप्प व्हायचा, तेव्हा समजायचं की पीस फिरतं आहे आणि आपल्याला कळत नाही. मग त्याने माझा उजवा हात हातात घेतला.

"आता किती बोटं दाबली मी?"

"तीन."

"डोळे उघडा."

त्याने चार धरली होती. करंगळी त्याच्या मुठीत होती, आणि ती माझी नव्हतीच.

"ही कधीपासून अशी आहे?"

त्याने रोगाचं नाव घेतलं. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात आणि शक्यतो म्हणतच नाहीत. तो म्हणाला, घाबरू नका, आता गोळ्या निघाल्या आहेत, माणूस बरा होतो. मी घाबरलो आहे असं त्याला वाटलं. मी त्याच्या मुठीकडे बघत होतो. इनासने चार दाबली होती.

त्या दिवशी मला दोन बातम्या मिळाल्या. घरी जाऊन मी रोझाला एकच सांगितली.

करवंटी

लुसीला शिरोड्याला रोझाच्या माहेरी पाठवलं. ती नऊ वर्षांची होती. जाताना माझ्याकडे यायला निघाली तर तिच्या मामाने तिचा दंड धरला. आमच्या घरातली मासळी कुणी घेईना, तेव्हा रोझा लोकांचं भात कांडायला जाऊ लागली.

रगतपितीच्या इस्पितळात राहायला जाताना तळेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथल्या हॉटेलवाल्याने माझा हात बघितला आणि चहा करवंटीत ओतून दिला. पिऊन झाल्यावर म्हणाला, "ती थंय लांब टाक." मी पूर्वीचा असतो तर त्याच्या कपबशा फोडल्या असत्या. मी करवंटी लांब नेऊन टाकली. त्याच्यावरचा राग अजून आहे. त्याचं काय करायचं, ते ठरलेलं नाही.

झाकलेलं ताट

इस्पितळ सिस्टर लोकांचं होतं. सकाळी घंटा, प्रार्थना, पेज. मग रांगेत उभं राहून सिस्टरसमोर गोळी गिळायची. मग घमेल्यात हातपाय भिजत ठेवायचे आणि तेल चोळायचं. रोज तेच. मला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि बरं होण्याच्या दृष्टीने ते सोयीचं होतं. भीती पहिल्या महिन्यात संपते. नंतर फक्त कंटाळा उरतो. कुणी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगतो.

सिस्टर क्लारा वेंगुर्ल्याकडची होती. आम्हाला पाण्याचा चटका कळत नसे, म्हणून चाळीस घमेल्यांत ती स्वतःचं कोपर बुडवून बघायची. तिचं कोपर कायम लाल असायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर भिकू होता. शनिवारी तो कुंपणावरून पळायचा, गावात माडी प्यायचा आणि धडपडत परत यायचा. सिस्टर त्याच्या वाटणीचा भात ताटाखाली झाकून ठेवायची. मी दोन महिने बघितलं आणि तिला गाठलं.

"सिस्टर, पिऊन येणाऱ्याक भात झाकून ठेवतास? मगे आमी नेमान ऱ्हवतंव ते येडे काय?"

"तुझ्या ताटात कमी पडलो?"

"तसां नाय. पण तो पाप करता."

"करता."

"मगे?"

"मगे काय? येतलो तेवा उपाशी आसतलो ना?" ती तेलाची बाटली पुसत होती. "तेका माडी सोडूची आसा, बस्त्याव. रोज सोडता. शनवारी हरता."

"म्हणान हरणाऱ्याक भात?"

"जितणाऱ्याक तरी मी खंय दोन ताटां वाढतंय?"

मला राग आला. खाटेवर येऊन बसलो. वॉर्डात सगळे म्हणत, हा रोग पापाचा. मी तिला तेही एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तसां आसतां तर वेंगुर्ल्यात एक हात धड उरलो नसतो. माझोय नाय."

शनिवारी भिकू आला, सिस्टरने त्याला बसवलं, ताट उघडलं. तो रडत होता आणि जेवत होता. ती त्याच्या पायाची जखम धूत होती. त्याला तिने एक शब्द विचारला नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

पुडी

रोझा महिन्यातून एकदा यायची. तिच्याबरोबर केळीच्या पानात बांधलेली किसमूर असायची, सुका गोलमो म्हणजे जवळा, खोबरं आणि कांदा घातलेली. इस्पितळाच्या पेजेबरोबर ती दोन दिवस पुरवायचो. तिसऱ्या महिन्यात मी विचारलं, "गो, गोलमो खंयसून आणलंस? आपणाक कोण देता?"

"कुंपार देता. तेची बायल करता."

"कोणी सांगला तुका त्येंच्याकडे जावक?"

"कोण सांगतलो? तुमचां पत्र वाचूक कोण नाय. पोर थंय शिरोड्याक. मी कोणाकडे जाव?" मग ती चिडली. "नि तुमका काय, खाताना बरी लागता ना?"

माझा उजवा हात आता पेन धरत नव्हता. मी डाव्या हाताने पत्रं लिहायचो, आणि ती पत्रं इनास तिला वाचून दाखवायचा.

एका महिन्यात पुडी आली नाही. रोझा म्हणाली, "कुंपार पत्र वाची होतो नि मधीच थांबलो. डोळे दुखतत म्हणालो. उठान समुद्रार गेलो." पुढच्या महिन्यात पुडी पुन्हा आली. गोलमो नेहमीपेक्षा जास्त होता. माणसाच्या चेहऱ्यावरून भाव ओळखणारा मी. पण मला हे ओळखता आलं नाही.

कुमसार

फादर दर पहिल्या शुक्रवारी यायचे. वसईकडचे होते. दोन वर्षं मी त्यांच्याकडे कुमसाराला गेलो आणि प्रत्येक वेळी राग, शिवीगाळ, प्रार्थना चुकवणं अशी लहान पापं सांगून उठलो. अडीच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, तू आता घरी जाऊ शकतोस. घरी म्हणजे इनासच्या गावात. त्या शुक्रवारी मी बोटांचं सांगितलं आणि पोस्टकार्डाचंही.

फादर म्हणाले, "त्याला जाऊन सांग."

"बोटांचं सांगतो, फादर. पोस्टकार्डाचं देवाला कळलं, तेवढं पुरे."

"बस्त्याव, तू कुमसारातही भाव करतोस."

"बोटांत माझी चूक नव्हती. रोग होता."

"म्हणून ते सोपं आहे. म्हणून ते पुरत नाही."

"तो दारू आणत होता. पाप त्याचंही होतं."

"असेल. आत्ता गुडघ्यांवर तू आहेस."

आणि त्यांनी मला पापक्षमा दिली. तिथेच, आधी. मी विचारलं, "आणि मी गेलोच नाही तर?"

"तर मी क्षमा परत मागायला येणार नाही," ते म्हणाले. "पण तू जा."

अशा अटीवर मी आयुष्यात कधी माल दिला नव्हता आणि घेतलाही नव्हता. सौद्यात पकडायला काहीच नव्हतं. मी गेलो नसतो तर कुणालाही कळलं नसतं. पण इनासच्या पुड्या चालूच राहिल्या असत्या आणि मला त्या खाव्या लागल्या असत्या.

खळं

घरी आल्यावर चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी इनासच्या घरी गेलो आणि खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, बाहेर उभा राहिलो. लोक मला असंच उभं करत, म्हणून सवय झाली होती. तो जाळं सांधत बसला होता. तोंडाला वास होता.

"भायर कित्याक उभो? आत ये."

"नको. पयलां ऐक."

मी बोटांचं सांगितलं. तो उठून आला, माझा हात धरला आणि करंगळीला नख लावलं.

"लागता?"

"नाय."

त्याने जोरात दाबलं. "आता?"

"नाय."

तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. "मेल्या! इतकी वर्षां मी माझ्याच हाताक इचारतंय, चार दाबलंय का तीन. खुरसार हात ठेवन खोटी आण घेतलंय काय, ह्या भियान किती खेपे पाद्रीकडे गेलंय!"

मी हसलो नाही. "कुंपार, आणखी एक आसा."

"कार्ड," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"फौजदारान माका तां दाखयलेल्यान. तुझ्या पत्रात तोच 'द' बघितलंय. उलट्या पोटाचो. 'दारू'तलो." तो जाळ्याकडे वळला. "दारू हे पाप आहे. माका पाठ आसा तां."

"मगे पुडी कित्याक धाडलंस?"

"एक म्हयनो नाय धाडूक."

"आणि मगे?"

तो बराच वेळ एकच गाठ मारत होता. "मी पितंय, बस्त्याव. सोडतंय नि परत पितंय. दर खेपेक बायल दार उघडता. कधी शिये घालता, पण उघडता. मी खंयच्या तोंडान तुझां दार लावू?"

घरातून त्याच्या बायकोने विचारलं, "कोण आसा हो?"

"कुंपार," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता खालच्या आवाजात म्हणाला, "माफ केलंय असां म्हणूचंय नाय. तां अजून माझ्या तोंडाक येणा नाय. होडयेची याद येता. पण बाजाराक ये. थंय बोललंस, थंय सांग."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी खळ्यात जाऊन बसलो आणि त्याच्या बायकोने आणलेली पेज प्यालो. पेज कपात होती.

बाजार

फोंडाघाटला माझ्या जागेवर आता दुसराच बसत होता. मी मधोमध उभा राहिलो. मी आल्याचं कळलं तशी माणसं मागे सरली. भोवती एक गाडी वळेल एवढी मोकळी जागा झाली. आप्पाशेट होते, म्हातारे झाले होते.

मी मोठ्याने सांगितलं. त्या मे महिन्यात इनासने चार बोटं दाबली होती. माझी करंगळी तेव्हाच मेली होती आणि मला ते कळलं नाही. मी त्याला चोर म्हटलं, तो चोर नव्हता. पोस्टकार्डाचं मी तिथे सांगितलं नाही. ते इनासचं आणि माझं होतं. आता तो म्हणाला आहे, रोग्यांच्या उपयोगाचं असेल तर लिही, म्हणून इथे लिहिलं.

आप्पाशेटनी मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. माफी मागितल्यावर पुढे काय होतं, याची मला सवय नव्हती. मी जायला वळलो.

"खंय चललंस?" इनास म्हणाला.

तो मोकळ्या जागेत आला. खांद्यावरचा पंचा त्याने माझ्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. समोरच्या बाईने तोंडाला पदर लावला. अडीच वर्षांत सिस्टर आणि डॉक्टर सोडून चार लोकांत माझा हात कुणी धरला नव्हता. त्या दिवशी त्याच्या तोंडाला वास नव्हता.

"सांग, कुंपार. किती?"

सगळा बाजार बघत होता. मी डोळे मिटले आणि नीट लक्ष दिलं. मला तीन लागली.

"चार," मी म्हणालो.